सुपारी लागली नव्हती

आधीच सांगून टाकते. मी हॉस्पिटलमध्ये एका नर्सच्या कानाखाली वाजवली आहे, डॉक्टरांच्या तोंडासमोरची प्लास्टिकची काच ओरबाडून काढली आहे, आणि माझ्या सख्ख्या जावेच्या हाताचा असा चावा घेतला आहे की तिच्या अंगठ्याखाली अजून खूण दिसते. आजारपणाबद्दल लिहिताना लोक देवाचे, डॉक्टरांचे आणि सकारात्मक विचारांचे आभार मानतात. मीही आभारच मानणार आहे. पण सकारात्मक विचार माझ्याकडे नव्हते. माझ्याकडे होता राग, आणि त्याने मला जवळजवळ संपवलंच होतं.

हे लिहितेय ते एका कारणासाठी. हॉस्पिटलच्या दारात मी बरी होऊन बसले होते तेव्हा एक माणूस रडत कुणाला तरी फोनवर सांगत होता, "आमची आई अशी नाही हो, तिने डॉक्टरांना शिव्या दिल्या, ती अशी नाही." त्याला मला सांगायचं होतं की बाबा, हा आजार माणसाला चवताळवतो, लाज वाटून घेऊ नकोस. पण तेव्हा माझ्या तोंडून एका वाक्यापलीकडे आवाज फुटत नव्हता. आता फुटतो.

माझ्या बाबतीत मात्र ती सबब पुरती चालणार नाही. मी आधीपासून अशीच आहे.

पाटाच्या अलीकडे

आम्ही श्रीवर्धनचे. नारळ-पोफळीची वाडी आणि वाडीतच घर. घर एक, पण पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या मधोमध भिंत घातली. अलीकडे आम्ही, पलीकडे धाकटे दीर दिलीपभावजी आणि त्यांची बायको सुलभा. भिंतीत एक दार ठेवलं होतं, सणावारी उघडायला. वाडीतून पाण्याचा पाट जातो, तीच दोघांची हद्द. माझे यजमान न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नोकरीला, तिकडेच खोली घेऊन राहतात आणि शनिवारी घरी येतात. मुलगी लग्न होऊन पुण्याला. त्यामुळे वाडी मीच बघते. दिलीपभावजी म्हणतात की वैनीच्या दारावरून जाताना मांजरसुद्धा पाय न वाजवता जातं.

त्या वर्षी मार्चपासून सगळं बंद झालं, आणि जूनमध्ये वादळ आलं. पोफळ मोडताना करकरत नाही, फाडकन मोडते. मी खिडकीच्या गजांना धरून उभी होते आणि एकामागून एक ते आवाज ऐकत होते. समोरच्या घराचे पत्रे उडून आमच्या विहिरीशी येऊन आदळले. नारळाचं एक झाड गोठ्याच्या छपरातून आत घुसलं. वारा पडला तेव्हा बाहेर येऊन बघते तर विहिरीत थेट ऊन पडलेलं. बावीस-पंचवीस वर्षांत मी त्या विहिरीत कधी ऊन बघितलं नव्हतं.

माझी झाडं पाटापलीकडे पडली होती, तिची अलीकडे. कुठलं झाड कुणाचं, यावरून आम्ही दोघी आठवडाभर ओरडत होतो. त्यात पाटाच्या काठावर सासूबाईंनी लावलेली एक पोफळ नुसती कलली होती, मुळं जमिनीतच होती. दोर बांधून ती सरळ करायचं माझ्या मनात होतं. सुलभाच्या गड्यांनी पडकी समजून ती तोडली. मी कोयता घेऊन पाट ओलांडून गेले आणि तिच्या वादळातून वाचलेल्या पाच केळी एकेक करून आडव्या केल्या. ती दारात उभी राहून बघत होती.

गणपतीत मुंबईहून पाहुणे आले आणि त्यांच्यापाठोपाठ सुलभा आजारी पडली. मी मधल्या दाराला कडी घातली आणि वर दोन मोठे खिळे ठोकले. तिचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा. मी टीव्हीचा आवाज वाढवायची. तिला साधी वाटीभर पेज द्यावी हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं आणि मी ते हाकलून लावलं होतं.

चव

ऑक्टोबरात उरलेल्या झाडांची सुपारी काढायला घेतली. आमचा पाडेली महादू, म्हणजे झाडावर चढून सुपारी काढणारा, पूर्वी एका पोफळीवर चढला की झोका घेऊन दुसरी पकडायचा आणि दहा-बारा झाडं करूनच खाली उतरायचा. आता मधली झाडंच गेलेली. प्रत्येक झाडासाठी खाली उतरून पुन्हा चढायचं. तो दमत होता आणि मी खालून त्याला बोलत होते.

पहिले घड खाली आले की फळ अडकित्त्याने फोडून एक तुकडा चावून बघायचा, ही माझी पद्धत. तुरटपणावरून फळ कितपत भरलंय ते मला कळतं. त्या दिवशी तुकडा तोंडात टाकला तर काहीच नाही. लाकूड चावल्यासारखं. दुसऱ्या झाडाचं फोडलं, तेही तसंच. तिसऱ्याचं, चौथ्याचं. मला वाटलं, वादळाने मुळं हलली, झाडांचा रसच गेला.

"महादू, या वर्षीच्या सुपारीला चवच नाही रे."

त्याने एक तुकडा चावला, गालात फिरवला. "चांगली तुरट हाय की, वैनी."

"तुझी जीभ मेली आहे," मी म्हणाले.

त्याने चोथा थुंकला आणि तो पुढच्या झाडाकडे गेला. जीभ कुणाची मेली होती ते आता सगळ्यांना कळलंय. आदल्या दोन दिवसांपासून अंगात कसर होती, तीसुद्धा मी उन्हावर ढकलली होती. गावात घरोघरी माणसं वास गेला, चव गेली म्हणत असताना मी मात्र दोन दिवस झाडाझाडाची सुपारी चावत फिरले आणि वादळाला शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी छातीत गच्च झालं, घाम फुटला, कानशिलं तापली, डोकं गरगरलं. आमच्याकडे ओली सुपारी जास्त खाल्ली की नेमकं असंच होतं. त्याला म्हणतात सुपारी लागली. पोराटोरांना, नव्या पाहुण्यांना लागते. गूळ खायचा, पाणी प्यायचं, जरा आडवं व्हायचं, थोड्या वेळाने उतरते. मी गूळ खाल्ला. गुळालाही चव नव्हती, पण मी म्हटलं, तोंड सुपारीने मेलंय. पाणी प्यायले. उतरेना. पुन्हा गूळ खाल्ला. असे मी आणखी दोन दिवस घालवले. दिवसाला गुळाची अर्धी ढेप, आणि दम असा की मोरीपासून पलंगापर्यंत येताना दोनदा भिंत धरायची.

यजमानांचा फोन आला की मी मोजकं बोलायची, धाप ऐकू जाऊ नये म्हणून. तेही तिकडे तापाने खोलीत कोंडून घेऊन पडले होते, आणि मला काळजी नको म्हणून ते मला सांगत नव्हते. असा आमचा संसार.

तांब्या

पाचव्या दिवशी सकाळी मी मागे विहिरीशी तोंड धुवायला गेले. तिथे आमच्या दोघींच्या अंगणांच्या मधे कमरेएवढा दगडी गडगा आहे. पलीकडे सुलभा भांडी घासत होती. केळी छाटल्यापासून आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"वैनी, तुमचे ओठ काळे पडलेत."

"सुपारी लागलीय."

"किती दिवस?"

मी तोंडावर पाणी मारलं.

"वैनी, मी या घरात आल्यापासून तुम्हाला एकदाही सुपारी लागलेली बघितली नाही. हे ते नाही. हे मला झालं होतं तेच आहे. बोट द्या इकडे, माझ्याकडे ऑक्सिजन मोजायचं मशीन आहे."

ती खरं बोलत होती, आणि ते मला त्याच क्षणी कळलं. बरं, कळलं म्हणून तरी गप्प बसावं. पण माझं मरण मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. माझ्या हातात पाण्याने भरलेला तांब्याचा तांब्या होता, माझ्या आईने दिलेला, जाड. मी तो फेकून मारला. तो तिच्या भुवईवर बसला. "आई गं" म्हणून ती खाली बसली, आणि तिच्या बोटांमधून रक्त आलं. मी घरात गेले आणि मागच्या दाराला कडी घातली.

तिथून पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. माजघराची फरशी गालाला गार लागत होती. माझ्या घशातून एक आवाज येत होता, तो माझा आहे हे मला समजत नव्हतं. मग भिंतीतल्या दारावर दणके बसू लागले. दिलीपभावजी पहारीने ते दार फोडत होते. मी ठोकलेले खिळे लाकडासकट निघाले, दार एका बिजागरीवर लोंबकळलं, आणि सुलभा आत आली. डोक्याला पदर बांधलेला, अर्धा चेहरा रक्ताने माखलेला. तिने माझं बोट त्या मशीनच्या चिमट्यात घातलं, आकडा बघितला आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो, गाडी काढा. आत्ता."

रुग्णवाहिका म्हसळ्याला गेली होती, कधी येईल सांगता येत नव्हतं. नारळ पोचवायच्या टेम्पोत, सोडणाच्या, म्हणजे नारळाच्या सालांच्या पोत्यांवर मला झोपवलं. माणगावपर्यंतची ती वळणं मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक वळणाला मी घरंगळायची आणि सुलभा मला दंडाला धरून ओढायची. तिच्या भुवईतलं रक्त माझ्या साडीवर पडत होतं. आणि मी, छातीत हवा नसताना, तिला सांगत होते की माझी पोफळ तूच तोडलीस.

बेड नंबर सहा

माणगावातलं ते एक लहान खासगी हॉस्पिटल. दारातच मला खुर्चीत बसवून आत नेलं आणि सुलभाला बाहेर थांबवलं. थकलेल्या चेहऱ्याच्या एका तरुण डॉक्टरांनी माझ्या छातीचे फोटो बघितले आणि विचारलं, "काकू, इतके दिवस काय करत होतात?"

"गूळ खात होते," मी म्हणाले. ते हसले नाहीत.

आत सगळी माणसं पांढऱ्या किटमध्ये, छातीवर स्केचपेनने नावं लिहिलेली. दिवस कळत नव्हता. सकाळी सुया, मग नाश्ता, मग पालथं झोपायचं, मग पुन्हा सुया. पार्वतीमावशी नावाची एक आया होती, जवळच्या खेड्यातली. ती केस विंचरून द्यायची आणि सगळ्यांना एकच सांगायची, "निजून ऱ्हा बाय, निजून ऱ्हा. हवा खा."

पाच नंबरला नागावच्या एक बाई होत्या. अलिबागेत बेड मिळाला नाही म्हणून इकडे आणलेल्या. समुद्राजवळ त्यांच्या चार खोल्या होत्या पाहुण्यांना द्यायला. मास्क बाजूला करून त्या फोनवर गिऱ्हाइकांना सांगायच्या, "दिवाळीनंतर या, तोपर्यंत मी येते." आम्ही दोघी पालथ्या पडून एकमेकींकडे तोंड करून नारळाच्या रोगांबद्दल बोलायचो. एका दुपारी मला डोळा लागला. उठले तर त्यांचा पलंग रिकामा, आणि मावशी चादर बदलत होती.

"कुठे गेल्या?"

"वरती नेली," मावशी म्हणाली. हॉस्पिटलला वरचा मजला नव्हता.

त्या संध्याकाळी माझा आकडा घसरला आणि मला तो घट्ट मास्क लावला. ज्यांनी तो लावलेला नाही त्यांना कसं सांगू? नाकातोंडावर आवळून बसवतात आणि यंत्र आतमध्ये जोराने वारा फेकतं. तुम्ही श्वास सोडताय आणि ते आत कोंबतंय. तो वारा, तोच आवाज. मी पुन्हा जूनमध्ये जाऊन पोचले. पलंगाच्या चारी बाजूंनी पोफळी मोडत होत्या, फाडकन, फाडकन, आणि माझ्या अंगावर पडत होत्या. आणि पाच नंबरच्या बाईंना ज्यांनी मारलं तेच आता मला मारायला आले आहेत, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मी मास्क फाडून काढला. नर्स बसवायला आली, तिला मारलं. डॉक्टर आले, त्यांची काच ओरबाडली. हातातली सुई उपटली, रक्त भिंतीवर उडालं. सलाइनचा स्टँड लाथेने पाडला. चौघांनी मिळून माझे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले, तर मी मान आपटून मास्क सरकवायला लागले. सकाळपर्यंत मनगटांची सालं निघाली होती.

डॉक्टरांनी माझ्या यजमानांना फोन केला. डॉक्टर काय म्हणाले ते मला नंतर कळलं: मास्क टिकला तर बाई वाचतील. टिकला नाही तर नळी घालावी लागेल आणि मग मी शब्द देऊ शकत नाही. आमच्याकडे दोन नर्स आणि बारा पेशंट आहेत, एकीपाशी चोवीस तास कुणी बसू शकत नाही. घरातलं कुणी हा आजार होऊन गेलेलं आहे का? सही करून आत येईल का?

होऊन गेलेलं घरात एकच माणूस होतं.

गप पड

किटमध्ये माणूस ओळखू येत नाही. माझ्या पलंगाशी एक पांढरी आकृती आली, तिच्या छातीवर काहीतरी लिहिलं होतं, मला वाचता आलं नाही. काचेमागे भुवईवर पट्टी दिसली. मग मी ओळखलं, आणि मला वाटलं, ही सूड घ्यायला आली.

तिने माझे पट्टे सोडायला सांगितले. नर्स नको म्हणाली. सुलभा म्हणाली, "बांधलं की ती जास्त झुंजते. मला माहितीये." एक हात सुटताच मी मास्कला हात घातला. तिने तो मनगटात पकडला, सालं निघालेल्या जागीच, आणि पलंगावर दाबला. दुसरा हात सुटला, तो तिने गुडघ्याखाली घेतला. मग पूर्ण तळवा मास्कवर ठेवून ती माझ्यावर वाकली. मी हातमोज्यासकट तिचा अंगठ्याखालचा मांसल भाग दातांत पकडला. मास्क सरकवून मी तिथपर्यंत कशी पोचले, मला माहीत नाही. ती ओरडली, पण तिने हात काढला नाही.

"गप पड!" ती म्हणाली. "गप पड, भवाने! घे श्वास!"

बावीस वर्षांत ती मला कधी अगंतुगं करून बोलली नव्हती. मी अवाक झाले, आणि त्या अवाक होण्यात यंत्राबरोबर माझा एक श्वास जुळला. मग पुन्हा झुंज. मी लाथा मारत होते, ती शिव्या देत होती. पार्वतीमावशी लांबून बघत होती.

"ही तुझी कोन? भैन?"

"जाऊ आहे," सुलभा म्हणाली.

"जाऊ?" मावशी म्हणाली. "व्हय, मंग बरोबर हाय."

असे चार दिवस गेले. सुलभा समोरच्या लॉजवर दोन-तीन तास पाठ टेकायची आणि परत यायची. ती आली की आधी माझं मनगट पकडायची, मी जागी असले तरी, झोपले असले तरी. तिच्या बोटांचे निळे डाग माझ्या दोन्ही हातांवर उठले होते. तिसऱ्या दिवशी पोफळी मोडायच्या थांबल्या. यंत्र नुसतं यंत्र वाटायला लागलं. चौथ्या दिवशी मी शांत पडले होते, आणि काचेमागे सुलभा रडत होती, ओठ दाबून, पाणी पुसता येत नाही म्हणून तशीच. मला वाटलं, संपलं, आपण चाललो. मी तिचा हात घट्ट धरला. मरायची मला भयंकर भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त लाज वाटली, की हिचे केळीचे खुंट माझ्या नावावर राहणार.

पाचव्या दिवशी तो मास्क निघाला आणि साधा लागला.

घरी

सोडलं त्या दिवशी पार्वतीमावशीने माझी वेणी घातली. मी त्या नर्सला शोधून काढलं आणि हात जोडून म्हणाले, "मी तुमच्या कानाखाली मारली होती." ती पोर सुया भरत होती. "काकू, या महिन्यात बऱ्याच जणांनी मारलंय. तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, सहा नंबर. "अच्छा, चावणाऱ्या," ती म्हणाली आणि हसली. तिच्या त्या हसण्याचं मी काय देणं लागते ते मला अजून कळलेलं नाही.

यजमानही बरे होऊन आले. घरी आले तेव्हा मधलं दार तसंच एका बिजागरीवर लोंबकळत होतं. सुताराला बोलवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "ते काढूनच टाका." महिनाभर सुलभा त्या मोकळ्या चौकटीतून दिवसातून चार वेळा यायची, माझं बोट चिमट्यात घालायची, आकडा बघायची आणि भात ठेवून जायची. जास्त बोलायची नाही. मीही नाही. उपकाराखाली वावरायची मला सवय नव्हती, जीव गुदमरायचा. पंचवीस-तीस पावलं चालले की बसायला लागायचं. मुलीशी फोनवर बोलताना अर्ध्या वाक्यात दम संपायचा. हे सगळं भरून यायला माझे सहा महिने गेले, आणि ज्यांचे जास्त जातील त्यांनी घाबरू नये.

राग गेला का? नाही. महादूला मी अजून खालून बोलते. फक्त आता बोलल्यावर मला माझी मनगटं दिसतात.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मी काठी टेकत वाडीत गेले. महादूने एक फळ फोडून दिलं. मी नको नको म्हणत तुकडा तोंडात टाकला. आणि ती तुरट लागली. जीभ टाळूला चिकटली, गाल आवळले, डोळ्यांत पाणी आलं. मी तिथेच पाटाच्या काठावर बसून रडायला लागले.

"लागली का काय, वैनी?" महादू घाबरला.

"नाही रे. चांगली तुरट आहे. तूच बरोबर होतास."

पाटापलीकडून सुलभाचा आवाज आला, "थुंक ती आधी!"

संध्याकाळी आम्ही दोघी पडवीत सुपारी निवडत बसलो. बऱ्याच दिवसांपासून पाठ केलेलं वाक्य मी बाहेर काढलं. "सुलभा, तुझे उपकार मी या जन्मात..."

"उपकार वगैरे काही नाही," ती मधेच म्हणाली. "ऐक आता, कधीतरी सांगायचंच होतं. पहिल्या दिवशी मी तुझं तोंड दाबलं ना, तेव्हा मला बरं वाटत होतं."

हातातली चांगली सुपारी मी किडक्यांत टाकली.

"खरं सांगते. मी या घरात आले त्या दिवशी माझ्या माहेरच्या भांड्यांना तू काय म्हणालीस, ते आठवलं आणि दाबलं. ह्यांच्या नोकरीवरून तू चारचौघांत बोललीस, ते आठवलं, आणखी दाबलं. केळी आठवल्या. दाराचे खिळे आठवले. मी तापात पडले होते आणि तुझा टीव्ही चालला होता, ते आठवलं. बावीस वर्षांत मला तुझ्या अंगाला हात लावता आला नव्हता, आणि आता डॉक्टरच सांगत होते, धरा, सोडू नका. मधेच वर बघितलं तर तुझा आकडा वाढत होता. म्हणून आणखी आठवत गेले."

ती सुपाऱ्या निवडत होती, हात थांबला नव्हता.

"चौथ्या दिवशी आठवायला काही उरलंच नाही. सगळं संपलं. आणि तुला तर अजून धरायला हवं होतं. तेव्हा मला रडू आलं. तुला वाटलं असेल तू मरतेयस."

कृतज्ञता म्हणजे काहीतरी मऊ असतं असं मला वाटायचं. मी तिच्या भुवईवरचा तो व्रण बघितला, अंगठ्याखालचे माझ्या दातांचे डाग बघितले. या बाईच्या रागावर मी जगले होते. मी विचारलं, "आणि तांब्या? तो आठवला नाहीस?"

"नाही," सुलभा म्हणाली. "तो मुद्दाम मागे ठेवला. पुन्हा मरायला लागलीस तर माझ्या हाताशी काहीतरी हवं ना."

तो तांब्या अजून तिच्याकडेच आहे, तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, पोचा बाहेरच्या बाजूला करून ठेवलेला. मी मागितलेला नाही.